जुन्या मोटारींतील नवी वीज

जुन्या मोटारीस नवे तेजस्वी दिवे बसविले म्हणजे रस्त्यावर अधिक उजेड पडेल, असें कोणासही वाटेल. पुष्कळदां घडतें तें मात्र उलटें. बाजारांतून आणलेला ६० वॅटचा दिवा जुन्या ४२ वॅटच्या दिव्यापेक्षांही मिणमिणता जळतो, हॉर्न वाजविला कीं तो आणखी मंदावतो, आणि पांचदहा मैल गेल्यावर डॅशबोर्डाखालून रबर जळल्याचा वास येऊं लागतो. घरांतील मंडळी म्हणतात, गाडी म्हातारी झाली. मिस्त्री म्हणतो, दिवाच खराब निघाला. दुसरा दिवा आणतात. तोही तसाच जळतो. मग बॅटरी बदलतात, मग आणखी कांहीं बदलतात, आणि रोग जेथें होता तेथेंच राहतो.

कारण तो रोग नव्या जिनसांत बहुधा नसतोच. तो जुन्या तारांत, जुन्या सांध्यांत आणि विजेच्या परतीच्या वाटेवर दडून बसलेला असतो. नवा दिवा तो निर्माण करीत नाहीं. उघडकीस मात्र आणतो.

हें कसें घडतें तें पाहण्यासाठीं मॉरिस मायनर या गाडीचें उदाहरण सोयीचें आहे. ॲलेक इसिगोनिस याच्या कल्पनेंतून उतरलेली ही लहानशी इंग्रजी मोटार १९४८ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. कारखान्याचे धनी लॉर्ड नफील्ड यांस तिचें रूप मुळींच रुचलें नव्हतें. पाण्यांत उकडलेल्या अंड्याची उपमा त्यांनीं तिला दिली होती. लोकांना मात्र ती इतकी आवडली कीं, १९७१ पर्यंत अशा १६ लाखांवर गाड्या तयार झाल्या. दहा लाखांचा आंकडा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार हीच. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें कारखाना असलेल्या हिंदुस्थान मोटर्सनें ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नांवानें बाजारांत आणली होती. तेव्हां आपल्याकडेही ती अगदीं परकी नव्हे.

अशी एक गाडी पुण्यांतील एखाद्या घरीं आहे असें समजावें. आजोबांनीं ती हौसेनें घेतली, वर्षानुवर्षें वापरली, आणि त्यांच्या पश्चात् ती ताडपत्रीखालीं पडून राहिली. नातवानें ती बाहेर काढली, इंजिन दुरुस्त करून घेतलें, पत्र्यास सुरेख रंग दिला, हॅलोजनचे दिवे घातले, डायनॅमोच्या जागीं आल्टर्नेटर बसविला. आतां आजीला त्याच गाडींतून वाईला न्यावयाचें आहे. परतीस रात्र होणार, आणि वाटेंत खंबाटकीचा घाट आहे. अशा जागीं वळणावर दिवे गेले तर त्यास गैरसोय म्हणून भागणार नाहीं. तारेनें पेट घेतला तर त्याहूनही वाईट, कारण मायनरचा पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच खोलींत, तारांपासून हातभर अंतरावर असतो.

घरांतील दिव्याला दोन तारा असतात. एकीनें वीज येते, दुसरीनें परत जाते. मोटारींत ही दुसरी तार बहुतेक ठिकाणीं नसतेच. गाडीचें लोखंडी अंग हाच परतीचा रस्ता. त्याला ‘अर्थ’ असें म्हणतात, पण त्याचा जमिनीशीं कांहीं संबंध नाहीं. चाकें तर रबराचीं आहेत. हेडलाइटच्या मागून निघालेली आंखूड काळी तार एका स्क्रूनें पत्र्यास जखडलेली असते, आणि दिव्यांतून गेलेली सर्व वीज त्या स्क्रूखालच्या पैशाएवढ्या जागेंतून परतते. या जागेवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ पावसाचें पाणी उडालेलें असतें. गंज हा विजेचा वैरी, आणि रंगही तितकाच वैरी. म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते: ज्या गाडीस रंगाऱ्यानें अत्यंत निगुतीनें रंग दिला, तिचेच दिवे नंतर रुसतात. कारागिरानें स्क्रूच्या भोंकाच्या कडेपर्यंत नितळ रंग चढविलेला असतो आणि नकळत परतीची वाट बुजविलेली असते.

आतां थोडें गणित केलें पाहिजे. १२ व्होल्टच्या गाडींत ४२ वॅटचा दिवा साडेतीन अँपिअर प्रवाह घेतो. ६० वॅटचा पांच अँपिअर घेतो. समजा, त्या गंजलेल्या स्क्रूचा विरोध अवघा ०.२२ ओहम आहे. जुन्या दिव्याच्या वेळीं तेथें पाऊण व्होल्ट खर्ची पडे आणि पावणेतीन वॅटांची उष्णता उत्पन्न होई. कोणाच्या ध्यानांतही येत नसे. नव्या दिव्याच्या वेळीं तेथें १.१ व्होल्ट खर्ची पडतो आणि उष्णता होते साडेपांच वॅट. प्रवाह दीडपटही झाला नाहीं, पण उष्णता दुप्पट झाली. कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. उष्णतेनें सांधा अधिक गंजतो, विरोध अधिक वाढतो, आणि हें दुष्टचक्र महिनोन्महिने चालूं राहतें. दुसरीकडे, दिव्याचा प्रकाश दाबाहून पुष्कळ वेगानें घटतो. दिव्यापाशीं पोंचणारा दाब दहावा हिस्सा कमी झाला तर प्रकाश जवळजवळ तीन दशांश कमी होतो. नव्या दिव्याची सारी श्रीमंती एका गंजलेल्या स्क्रूखालीं लुटली जाते ती अशी.

हा चोर पकडावयाचा कसा? येथें चांगले चांगले मिस्त्रीही फसतात. दिवा काढून त्याच्या खोबणींत मीटर लावला कीं तो बारा व्होल्ट दाखवितो, आणि ‘वीज तर पुरी येते आहे’ असा निर्वाळा मिळतो. चाळीच्या गच्चीवरील टाकीचें उदाहरण घ्यावें. नळ बंद असतां नळींत दाब पुरेपूर असतो, मग ती आंतून गाळानें कितीही भरलेली असो. नळ सोडल्यावर धार करंगळीएवढी पडते, तेव्हां गाळ कळतो. विजेचेंही तसेंच आहे. प्रवाह वाहत नसतां अडथळ्यावर दाब खर्चच होत नाहीं. ओहम मोजण्याच्या खटक्यावर मीटर ठेवला तरी फसगत टळत नाहीं, कारण त्या वेळीं मीटर अत्यल्प प्रवाह सोडतो. चौदा धाग्यांच्या तारेंतील तेरा धागे तुटून एकच उरला असला, तरी त्या मापानें ती धडधाकट ठरते.

म्हणून मोजणी करावयाची ती दिवे जळत असतांनाच. गाडीचें ऋण अग्र अंगास जोडलेलें आहे असें धरून चालूं द्यावें. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण अग्रावर टेकावी. त्यावरच्या पकडीवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर. दुसरी सळई दिव्याच्या काळ्या तारेवर टेकावी. दोन्ही टोकें एकाच परतीच्या वाटेवरचीं असल्यानें कांटा शून्याजवळच राहिला पाहिजे. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसला तर चिंता नाहीं. १.१ दिसला तर त्या वाटेवर कोठें तरी अडथळा आहे हें निश्चित. मग दुसरी सळई टप्प्याटप्प्यानें बॅटरीकडे सरकवीत आणावी: तारेच्या टोकावर, मग स्क्रूच्या माथ्यावर, मग स्क्रूशेजारीं खरडून उघड्या केलेल्या पत्र्यावर. स्क्रूवर १.१ आणि शेजारच्या पत्र्यावर ०.१ असें दिसलें, तर चोर त्या दोन टेकणांच्या मधें सांपडला. त्याला एक पैचाही नवा भाग लागत नाहीं. स्क्रू काढावा, भोंकाभोंवतीं काचकागदानें पत्रा लख्ख करावा, दांतेरी वायसर घालून स्क्रू आवळावा, आणि मग वरून ग्रीझचा हात द्यावा. ग्रीझ आधीं आणि आवळणें मागाहून, असें मात्र करूं नये.

परतीच्या वाटेचाच आणखी एक प्रकार सांगण्याजोगा आहे. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असल्यानें तें विजेच्या दृष्टीनें गाडीच्या अंगापासून तुटलेलें असतें. त्यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन खालीं उतरवून पुन्हां चढवितांना ती लावावयाची राहिली, किंवा तिच्या टोकांखालीं रंग राहिला, तर स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह परतण्यास दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे पुष्कळदां चोकची बारीक पोलादी केबल. गाडी सुरू करतांना चोकची मूठ गरम लागली, वा तेथून धूर निघाला, तर चोकमध्यें दोष शोधीत बसूं नये. ती पट्टी पहावी. त्याचप्रमाणें हेडलाइट लावतांच वळणदर्शक दिवा मंद पेटूं लागला, तर वीज परतीची वाट चुकून शेजारच्या दिव्यांतून घुसली आहे असें समजावें.

आतां येण्याच्या वाटेकडे वळूं द्यावें. बॅटरीपासून कंट्रोल बॉक्स, तेथून दिव्यांचा खटका, तेथून चालकाच्या डाव्या पायाखालचा उजेड खालीं-वर करणारा खटका, तेथून पुढच्या बाजूस बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे पितळी सांधे, आणि मग दिवा, असा हा लांबचा प्रवास आहे. पायाखालच्या खटक्यांत पावसाळ्यांत ओल्या बुटांचें पाणी जातें. पितळी सांधे हिरवे पडतात. या साऱ्या वाटेवर मिळून अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब खर्च होतां कामा नये. मापण्याची रीत तीच, फक्त आतां एक सळई बॅटरीच्या धन अग्रावर ठेवावयाची.

शिवाय तारेची जाडी पहावी लागते. इंग्रजी गाड्यांतील ०.३ मिलिमीटरच्या चौदा धाग्यांची तार सुमारे पावणेनऊ अँपिअर, आणि अठ्ठावीस धाग्यांची साडेसतरा अँपिअर वाहूं शकते. ६० वॅटचे दोन दिवे मिळून दहा अँपिअर घेतात. दोन्ही दिव्यांची समाईक तार चौदाच धाग्यांची असेल तर ती तापणार, यांत तिचा अपराध नाहीं. येथें रिले कामास येतो. रिले म्हणजे मालकाच्या हुकुमानें वागणारा दरवान. जुन्या खटक्यांतून केवळ त्याला हुकूम पोंचविण्यापुरता, एक पंचमांश अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो. दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीपासून नव्या जाड तारेनें, फ्यूजमधून व रिलेमधून, थेट जातो. आजोबांच्या वेळचा खटका मूळ जागीं राहतो आणि त्याचें आयुष्यही वाढतें. जुन्या गाडींत करण्याजोग्या सर्व सुधारणांत ही पहिली मानावी. मात्र रिले परतीची वाट सुधारीत नाहीं. रिले बसवूनही दिवे मंद राहिले अशी तक्रार येते, तेव्हां तो गंजलेला स्क्रू तसाच राहिलेला असतो.

आल्टर्नेटरची गोष्ट थोडी निराळी. मायनरवर पुढील काळांत बसविला जाणारा लुकासचा सी-४० डायनॅमो फार झाले तर २२ अँपिअर देई, आणि इंजिन संथ चालत असतां जवळजवळ कांहींच देत नसे. उघड्या रस्त्यावर तो पुरतो. शहरांत, पावलोपावलीं थांबतांना, पावसांत वायपर व दिवे चालू असतां, तो पुरत नाहीं. आल्टर्नेटर संथ गतीसही बराच प्रवाह देतो. गाडी सुटीच्या सकाळींच बाहेर काढावयाची असेल तर डायनॅमो काढण्याचें कारण नाहीं. रात्रीं फिरावयाचें असेल तर आहे.

पण त्याआधीं ध्रुव पालटावे लागतात. या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांप्रमाणें मायनरचें धन अग्र अंगास जोडलेलें असे. आल्टर्नेटर ऋण अग्र अंगास मागतो, आणि उलट जोडणी झाली तर त्यांतील डायोड क्षणांत जळतात. बॅटरी नुसती फिरवून ठेवली म्हणजे झालें असें नाहीं. धन खुंट ऋण खुंटापेक्षां जाड असतो, म्हणून पकडीही बदलाव्या लागतात. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी लागते, नाहीं तर ठिणगी दुबळी होते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जुना रेडिओ, इलेक्ट्रॉनिक पेट्रोल-पंप, हीं सारीं ध्रुव ओळखणारीं पात्रें आहेत. त्यांचे कागद आधीं वाचावे. फिलॅमेंटच्या साध्या दिव्यांना मात्र ध्रुवाची पर्वा नसते.

आल्टर्नेटर बसविल्यावर तो बॅटरी भरीतच नाहीं, ही फार वारंवार येणारी तक्रार. पुष्कळजण तो परत करून दुसरा आणतात. डॅशबोर्डावरील लहानसा तांबडा दिवा आधीं पहावा. डायनॅमोच्या काळीं तो नुसता निरोप्या होता. तो जळून गेला तरी डायनॅमोचें काम चाले. आल्टर्नेटरच्या बहुतेक जातींत मात्र त्याच दिव्यांतून जाणारा अल्प प्रवाह आल्टर्नेटरला प्रथम जागें करतो. सव्वादोन वॅटचा तो दिवा गेला, कीं हजारोंचा आल्टर्नेटर निजून राहतो. किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, तो दिवा पेटला पाहिजे. न पेटला तर प्रथम तो बदलावा.

दुसरी चूक जुन्या कंट्रोल बॉक्सविषयीं होते. डायनॅमोचा दाब आवरणें हें त्याचें काम. आल्टर्नेटरचा नियामक त्याच्या पोटांतच असतो. म्हणून जुन्या बॉक्समधील गुंडाळ्या वाटेंतून वगळाव्या लागतात. शोभेकरितां बॉक्स जागेवर ठेवावयास हरकत नाहीं. डायनॅमोची जाड पिवळी तार २२ अँपिअरच्या हिशेबानें घातलेली. ३५ ते ४५ अँपिअर देणाऱ्या आल्टर्नेटरचा भार तिच्यावर टाकणें धोक्याचें आहे. आल्टर्नेटरपासून स्टार्टरच्या खटक्यावरील बॅटरीच्या अग्रापर्यंत स्वतंत्र जाड तार न्यावी. इंजिन वेगांत असतां आल्टर्नेटरच्या अग्रावर १४.२ व्होल्ट आणि बॅटरीवर १३.२ दिसले, तर एक सबंध व्होल्ट वाटेंत मुरला. येथेंही दोष यंत्राचा नाहीं, वाटेचा आहे.

लुकास कंपनीची इंग्लंडांत ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून फार थट्टा झाली. ती सर्वस्वीं न्याय्य म्हणतां येत नाहीं. मूळ रचना साधी, समजण्यास सोपी आणि तारांच्या रंगांच्या बाबतींत तर शिस्तीची आहे: तपकिरी तार सदा जिवंत, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्ली व फ्यूज या दोहोंनंतरची, निळी हेडलाइटची, तांबडी बाजूच्या व मागील दिव्यांची, काळी परतीची. गोंधळ होतो तो पुढच्या पिढ्यांनीं मिळेल त्या रंगाची तार, डाख न देतां, चिकटपट्टी गुंडाळून जोडल्यामुळें.

एक उणीव मात्र खरी आहे, ती फ्यूजांची. सबंध मायनरला दोनच फ्यूज, आणि हेडलाइटना मुळींच नाहीं. फ्यूज हा दिव्याचा राखणदार नव्हे, तारेचा आहे. तार जळण्यापूर्वीं त्यानें स्वतः जळावयाचें. तेव्हां नव्या प्रत्येक तारेस तिचा फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. येथें एक खड्डा आहे. जुन्या इंग्रजी कांचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ ३५ ला तो जळतो, निरंतर वाहतो तो सुमारें १७ च. हल्लींच्या पट्टीच्या फ्यूजवरील आंकडा निरंतर वाहण्याचा असतो. जुना ३५ चा काढून नवा ३५ चा घालणारा मनुष्य तारेचा राखणदार दुप्पट झोपाळू करून ठेवतो.

वळणदर्शकांत एलईडी घातले असतां ते एक तर लुकलुकत नाहींत, नाहीं तर भलत्या घाईनें लुकलुकतात. जुना फ्लॅशर २१ वॅटच्या दोन दिव्यांच्या प्रवाहानें तापून चालतो. एलईडी तेवढा प्रवाह घेतच नाहींत. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला कीं काम होतें.

सर्व जोडणी झाल्यावर बॅटरी एकदम जोडूं नये. सर्व खटके बंद ठेवून, बॅटरीची पकड आणि खुंट यांच्यामधें २१ वॅटचा एक साधा दिवा जोडावा. कोठें तार उघडी पडून पत्र्याला चिकटली असेल तर तो दिवा लख्ख पेटेल आणि तेवढ्यावरच निभावेल. दिवा नसता तर तीच तार लाल झाली असती. दिवा न पेटला तर पकड आवळावी, दिवे लावून दोन्ही हेडलाइटपाशीं दोन्ही वाटांची मोजणी करावी, आणि ते आंकडे तारखेसह एका कागदावर लिहून तो गाडीच्याच कप्प्यांत ठेवावा. महिनाभरानें, एक-दोन रात्रींचे प्रवास झाल्यावर, तीच मोजणी पुन्हां करून कागदाशीं ताडून पहावी. ज्या सांध्याचा आंकडा वाढला असेल तो वाईला निघण्यापूर्वींच उघडावा.